सातपुड्यातील होळी आणि अंगावरची आरास

महाराष्ट्रात सणाच्या आराशीची जागा बहुधा घराशी जोडलेली असते. दिवाळीचा आकाशकंदील पडवीत टांगला जातो, गणपतीचे मखर ओसरीवर किंवा बैठकीच्या खोलीत उभे राहते, दसऱ्याला झेंडूचे तोरण दाराच्या चौकटीवर चढते आणि गुढीला तर अंगणातला किंवा गच्चीवरचा ठरलेला कोपराच असतो. सजवायची ती वास्तू किंवा देवता, आणि सजवणारा माणूस बाजूला उभा राहून आपले काम न्याहाळणारा, असा या साऱ्या प्रकारांचा समान आराखडा आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ पट्ट्यात, विशेषतः अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव या तालुक्यांत, होळीच्या दिवसांत हा आराखडा मोडतो. तेथे आरास माणसाच्या अंगावर चढते, आणि ती करणारा, वागवणारा व तिचा भार सोसणारा माणूस एकच असतो.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास आहे आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, तडवी, धानका अशा अनेक समाजांची वस्ती येथे आहे. तापीकाठच्या सपाटीवर कानबाई, आखाजी, भुलाबाई, पोळा हे खानदेशी सण आपापल्या आराशीसह साजरे होतात आणि नंदुरबार शहरातील गणेशमूर्तींना शेजारच्या गुजरातेतही मागणी असते. तो सगळा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सातपुड्याच्या चढणीला लागल्यावर मात्र वर्षाचा मोठा सण एकच उरतो, आणि ऊसतोडीसाठी किंवा इतर मजुरीसाठी गुजरातेत व अन्यत्र गेलेली कुटुंबे दिवाळीला नाही तरी होळीला गावी परततात, यावरून त्या सणाचे वजन कळते.

या होळ्यांमध्ये अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी परिसरातल्या काठी या गावाची होळी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. ब्रिटिश काळात पश्चिम खानदेशात ज्यांना मेवासी संस्थाने म्हणत, म्हणजे भिल्ल सरदारांच्या ताब्यातील लहान जहागिऱ्या, त्या काठी, चिखली, नाल, सिंगपूर, नवलपूर आणि गव्हाळी अशा सहा होत्या. त्यांपैकी काठी संस्थानाच्या घराण्याशी ही होळी जोडलेली असल्याने तिला ‘राजवाडी होळी’ असे म्हणतात. परंपरेने तिचा आरंभ इ. स. १२४६ इतका मागे नेला जातो. या सनाला लिखित आधार शोधण्यापेक्षा तो सांगणाऱ्यांच्या मनातील सणाचे प्राचीनत्व त्यातून समजून घेणे अधिक फलदायी ठरते. होळीच्या मध्यभागी उभा राहणारा उंच, सरळ बांबू आधी जंगलातून निवडून समारंभाने आणला जातो, रात्रभर ढोलाच्या तालावर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. त्यामुळे संध्याकाळपासून जमू लागलेल्या हजारो माणसांना एकमेकांची सजावट पाहण्यासाठी एक संपूर्ण रात्र मिळते. परिसरातील सर्व गावांच्या होळ्या एकाच तिथीला पेटत नाहीत. त्या मागेपुढे अनेक दिवस चालत राहतात आणि सजलेली माणसे एका गावाहून दुसऱ्या गावाच्या होळीला जातात. सजावट एका रात्रीपुरती नसून ती चालण्याला, धुळीला आणि घामाला टिकावी लागते, ही गोष्ट तिच्या घडणीच्या विचारात विसरता येणार नाही.

सजणाऱ्यांमध्ये प्रमुख असतात ते बुध्या, ज्यांना काही गावांत बावा किंवा जोडनावाने बावा-बुध्या असेही म्हणतात. बुध्या म्हणजे होळीपुरते व्रत घेऊन विशिष्ट वेश धारण करणारा पुरुष. त्याच्या उघड्या अंगावर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके व पट्टे उमटवलेले असतात, डोक्यावर बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर रचलेला मोरपिसांचा उंच टोप असतो, कमरेभोवती वाळलेल्या दुधी भोपळ्यांची आणि पितळी घंटांची माळ असते व पायांत घुंगरू असतात. त्याच्याबरोबर अंगाला काळे फासून काली या नावाचे सोंग घेणारे असतात, आणि मोरपिसांच्या जुड्या वागवणारे मोरखीही असतात. मांडणीत गावागावांचे भेद आढळतात. मात्र टोप, भोपळे आणि घंटा या तीन गोष्टींशिवाय बुध्याची कल्पनाच करता येत नाही.

या तिन्ही वस्तूंकडे सामग्रीच्या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की फाल्गुनातील एका वेशाची तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू झालेली असते. नर मोर विणीचा हंगाम संपल्यावर, म्हणजे पावसाळा सरत असताना, आपला पिसारा गाळतो आणि पुढील काही महिन्यांत तो नव्याने येतो. गळालेली पिसे रानात, बांधावर, ओढ्याच्या काठी पडलेली असतात आणि गुरे राखणाऱ्या मुलांच्या नजरेस ती आधी पडतात. १९६३ मध्ये मोराला राष्ट्रीय पक्ष्याचा दर्जा मिळाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर कडक बंदी आली. नैसर्गिकरीत्या गळालेली पिसे बाळगण्यास मात्र या कायद्याने मोकळीक ठेवली आहे. एका पिसाऱ्यात दीडशे ते दोनशे लांब पिसे असतात हे खरे असले, तरी गळालेली सर्व पिसे एकाच ठिकाणी आणि एकाच्याच हाती लागत नाहीत. म्हणून भरगच्च टोप हा एका हंगामाच्या वेचणीतून क्वचितच तयार होतो. तो मागील वर्षांची जपलेली पिसे, भावकीकडून मागून आणलेली पिसे आणि बाजारातून घेतलेली पिसे यांचा मिळून बनलेला असतो. टोपाची उंची पाहणाऱ्याला जो दिमाख दिसतो, त्याच्या तळाशी ही अनेक वर्षांची साठवण आणि अनेक घरांची उसनवार असते.

भोपळ्यांचेही असेच आहे. पावसाच्या आरंभी कुडाच्या कडेला लावलेला वेल छपरावर चढतो, त्यावरचे काही दुधी कोवळे असताना भाजीला जातात आणि काही मुद्दाम वेलावर राखले जातात. हिवाळ्यात वेल सुकला की त्यांची साल लाकडासारखी कठीण होते, आतला गर आटतो आणि बिया सुट्या होतात. पाणी ठेवायला, बी राखायला, दारू वाढायला हाच भोपळा वर्षभर घरात लागतो, आणि होळीला तोच कमरेला बांधला जातो. नाचताना पोकळ भोपळे एकमेकांवर आपटून जो बद्द आवाज होतो तो पितळी घंटांच्या खणखणाटाखाली ऐकू येतो, आणि ढोल थांबल्यावरही बुध्या चालू लागला की त्याच्या अंगातूनच ताल निघतो. सजावट हा डोळ्यांचा विषय मानण्याची अभ्यासकांना सवय असते. येथे ती कानांचाही तितकाच विषय आहे, आणि काळोख्या वाटेने दुसऱ्या गावाकडे निघालेला बुध्यांचा जथा दिसण्याआधी ऐकू येतो.

टोपाचा सांगाडा बांबूचा असतो. सातपुड्यात मुख्यतः आढळणारा मानवेल जातीचा बांबू भरीव आणि चिवट असल्याने त्याच्या बारीक कामट्या तुटल्याशिवाय वाकतात आणि वाकलेला आकार टिकवतात. ज्या हातांना टोपल्या, सुपे आणि कुडाच्या भिंती विणण्याची सवय आहे त्यांना टोपाचा सांगाडा बांधणे वेगळे शिकावे लागत नाही. यातील खरी अडचण आकाराची नसून तोलाची असते. टोप उंच हवा, म्हणजे तो वरून जड होणार, आणि नाच तर उड्यांचा, गिरक्यांचा; तेव्हा वजन कपाळाच्या पट्टीवर नीट बसले नाही तर तो मध्यरात्रीपर्यंतच मान मोडून टाकील. म्हणून कामट्या कोठे दुहेरी घ्यायच्या, पिसे खालून दाट आणि वर विरळ कशी लावायची, हे ठरवणारी नजर ही सौंदर्याची जितकी, तितकीच अंगमेहनतीची असते. या कामाला वेगळा कारागीरवर्ग नाही. ज्याने आधी पाच-सात होळ्या नाचून काढल्या आहेत असा थोरला भाऊ किंवा चुलता जवळ बसतो, गाठ चुकली तर सोडून दाखवतो, आणि बहुतेक ज्ञान एवढ्यावरच पुढे जाते.

या वेशाचा अर्थ केवळ वस्तूंच्या यादीतून लागत नाही, कारण तो धारण करण्यापूर्वी पालनी घ्यावी लागते. पालनी म्हणजे होळीच्या आधीपासून काही दिवस पाळावयाचे कडक नियम: ब्रह्मचर्य, जमिनीवर झोपणे, खाटेला न शिवणे, पायात चप्पल न घालणे, अंघोळ न करणे आणि खाण्यापिण्यावरील बंधने. घरातील आजार बरा व्हावा, मूल व्हावे, गुरेढोरे आणि पीक सुखरूप राहावे यासाठी बोललेला नवस हे तिचे कारण असू शकते, किंवा बापाने पाळले म्हणून मुलाने पाळायचे एवढेही कारण पुरते. आणि व्रत एका होळीत न संपता ठरावीक वर्षे चालवण्याचा प्रघात आहे. पालनी घेतलेल्या माणसाला नियम पाळत असतानाच टोप बांधावा लागतो. हात काम करीत असताना अंग व्रतात असते, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या वस्तूचे स्थान दुकानातील शोभेच्या वस्तूपेक्षा देवापुढच्या नैवेद्याच्या अधिक जवळचे ठरते. होळ्या संपल्यावर पूजा देऊन, स्नान करून पालनी सोडली जाते. टोप उसवला जातो, धड राहिलेली पिसे गुंडाळून आढ्याला ठेवली जातात, फुटलेले भोपळे टाकले जातात आणि घंटा ज्याच्या त्याला परत जातात.

येथे एका दोषाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. सातपुड्याच्या होळीवरील छायाचित्रे आणि लेख पाहिले तर सजणारे ते जणू पुरुषच, असा समज होतो. टोप उंच असल्याने तो दुरून दिसतो आणि कॅमेऱ्याला सोपा पडतो. परंतु एकाच रंगाच्या व एकाच नक्षीच्या साड्या आणि ओढण्या घेऊन, हातात हात गुंफून रात्रभर नाचणाऱ्या पावरा आणि भिल्ल स्त्रियांच्या रांगा, त्यांच्या गळ्यातील आणि पायांतील चांदी, आणि कोणत्या कापडाचा ठाण सर्व मैत्रिणींना पुरेल याचा बाजारात होणारा विचार हीसुद्धा सणासाठी जुळवलेली आरासच आहे. पुरुषांची आरास एकट्याचे अंग उठून दिसावे यासाठी असते, तर स्त्रियांची आरास वेगवेगळी अंगे एक दिसावीत यासाठी असते. या दुसऱ्या कौशल्याची नोंद फार थोड्यांनी घेतली आहे.

ही कापडखरेदी होते भोंगऱ्या बाजारात. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणाऱ्या त्या त्या गावच्या आठवडी बाजाराला भोंगऱ्या म्हणतात. धडगावचा भोंगऱ्या मोठा, आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, बडवानी या भागांत हाच बाजार भगोरिया या नावाने ओळखला जातो. गूळ, डाळ्या, खजूर, नारळ, घुंगरू, आरसे, रंगीत कागद, बेगड म्हणजे चमकीचा पातळ पत्रा किंवा कागद, हे सारे येथे घेतले जाते. अलीकडे त्यात प्लॅस्टिकची फुले, झिळमिळ्या आणि काळे गॉगल यांची भर पडली आहे, आणि अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसे व डोळ्यांवर गॉगल अशा थाटातील बुध्या पाहून शहरी पाहुणा हळहळतो. ही हळहळ फारशी समर्थनीय नाही. बेगडही कधीकाळी बाजारातूनच आली, आरसेही बाजारातूनच आले आणि पितळी घंटा तर डोंगरात कोणी ओतीत नव्हते. रानातून येणारे आणि बाजारातून येणारे यांची सांगड घालणे हाच या वेशाचा जुना स्वभाव आहे. गॉगल घालणाऱ्याने पालनी मोडलेली नसते. प्लॅस्टिकविषयी खरी तक्रार करायची तर ती वेगळी आहे: ते जळत्या होळीजवळ धोक्याचे आहे आणि सण संपल्यावर रानात तसेच पडून राहते.

भोंगऱ्याच्या दुकानांत आणि त्याआधी नंदुरबारच्या बाजारपेठेत होळीच्या सुमारास जी वस्तू सर्वत्र टांगलेली दिसते ती म्हणजे हार-कंगन. साखरेचा घट्ट पाक करून, त्यात थोडे दूध घालून वर येणारी मळी काढून टाकली जाते आणि तो स्वच्छ पाक लाकडी साच्यांत ओतला जातो. साच्याच्या खाचांमधून आधीच दोरा ताणून ठेवलेला असतो, त्यामुळे पाक थिजताच पदके दोऱ्यात ओवलेल्या स्थितीतच बाहेर येतात आणि पांढरा, गुलाबी किंवा पिवळा हार तयार होतो. उर्वरित महाराष्ट्रात गुढीला बांधली जाणारी साखरेची गाठी ती हीच, फक्त खानदेशात तिचा मान होळीपासून सुरू होतो. हार होळीला वाहिला जातो आणि लहान मुलांच्या गळ्यात घातला जातो. मूल तो मिरवत मिरवत एकेक पदक खाऊन टाकते आणि संध्याकाळी गळ्यात दोरा उरतो.

भेटवस्तूच्या वेष्टनाचा विचार करणाऱ्याने या हारापाशी थोडे थांबावे. भेट आणि तिचे वेष्टन या दोन वस्तू मानण्याची रीत आज सार्वत्रिक झाली आहे, तरी ती फार जुनी नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीतील हॉल बंधूंच्या दुकानात १९१७ च्या नाताळात साधा पातळ कागद संपला, तेव्हा लिफाफ्यांच्या आतील अस्तराचा नक्षीदार कागद विक्रीस मांडण्यात आला आणि तो हातोहात खपला, तेथून छापील वेष्टनकागदाच्या धंद्याला मोठी चालना मिळाल्याचे सांगितले जाते. त्या कागदाचे काम भेट लपवण्याचे आणि मग फाटून जाण्याचे असते. जपानमध्ये फुरोशिकी नावाच्या चौकोनी कापडात वस्तू गाठ मारून नेण्याची प्रथा आहे. तेथे वेष्टन पुन्हा वापरले जाते. हार-कंगनात तर झाकण्यासारखे काही नसतेच, कारण दागिना, खाऊ आणि शोभा ही तिन्ही कामे साखरच करते. सातपुड्यात वस्तू झाकून नेण्याचा प्रसंग येतो तो याहामोगीच्या यात्रेला. गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात सागबाऱ्याजवळ देवमोगरा येथे धान्यदात्री मानल्या गेलेल्या या देवीचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीच्या सुमारास, म्हणजे होळीच्या थोडेच आधी, नंदुरबारकडील कुटुंबे तेथे पायी किंवा गाड्यांनी जातात. देवीला द्यायचे धान्य आणि पूजेचे सामान बांबूच्या नव्या टोपलीत ठेवून, वर कापड बांधून, ती टोपली डोक्यावर नेली जाते. त्या टोपलीसाठी कामट्या काढणारे हातच पुढे पंधरवड्याने टोपाच्या कामट्या काढू लागतात.

आता या आराशीपुढे दोन वेगळ्या वाटा आल्या आहेत. पहिली मंचाची आहे. शासकीय समारंभांत, सांस्कृतिक महोत्सवांत आणि मिरवणुकांत बुध्यांच्या नृत्यपथकांना बोलावले जाते; तेथे मानधन मिळते, दूरच्या लोकांना ओळख होते, आणि वर्षातून एकदाच बांधला जाणारा टोप कायमस्वरूपी बांधून ठेवण्याची सोय करावी लागते. पालनीविना घातलेला टोप हा त्या समाजाच्या दृष्टीने खोटा ठरतो असे सरसकट म्हणता येत नाही, कारण होळीनंतर भरणाऱ्या मेलाद्यांत, म्हणजे गावोगावच्या नाचगाण्याच्या जत्रांत, करमणुकीसाठी सजणे पूर्वीपासून आहेच. तरीही मंचासाठीचा टोप हलका, लहान आणि तयार पिसांचा होत जातो, आणि हळूहळू तोच मापदंड बनण्याचा धोका राहतो.

दुसरी वाट अधिक गंभीर आहे आणि तिचा संबंध रानाशी आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली व ती सर्व याच दोन तालुक्यांतील, नर्मदाकाठची होती. मणिबेली हे त्यांतील पहिले. तेथील पुष्कळ कुटुंबे तळोदा आणि शहादा तालुक्यांच्या सपाटीवर वसवली गेली, जेथे शेत आहे, रस्ता आहे, शाळा आहे, पण घरामागे बांबूचे बेट आणि मोरांचे रान नाही. होळी तेथेही पेटते. मात्र पिसे, कामट्या आणि होळीचा उंच बांबू यांसाठी डोंगराकडे जावे लागते किंवा पैसे मोजावे लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आणि त्यावर वननिवासी समाजांचा हक्क मान्य केला, ही तरतूद उपजीविकेच्या संदर्भात वारंवार चर्चिली जाते. सणाच्या कलेच्या संदर्भातही ती तितकीच मूलभूत आहे. आदिवासी कलेच्या संवर्धनासाठी प्रदर्शने भरवणारे जेवढे बोलतात, त्याच्या चौथाई जरी बांबूच्या बेटांविषयी बोलले तरी टोपाचे अधिक भले होईल.

नोंदींच्या कामाला अजून वेळ गेलेली नाही. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या, १९६२ पासून कार्यरत असलेल्या संस्थांनी आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी व समाजशास्त्र विभागांनी टोप विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा तो बांधला जात असताना शेजारी बसून कोणती कामटी आधी, कोणती गाठ कोठे, कोणाची पिसे कोणत्या वर्षाची, नवस कशाचा आणि कमरेच्या घंटा कोणाच्या घरातून आल्या हे बांधणाऱ्याच्या बोलीत, म्हणजे भिलोरीत आणि पावरीत, टिपून घ्यावे. विद्यार्थी त्याच गावांतून येत असल्याने हे काम बाहेरच्या कोणावाचून अडणार नाही. आणि ज्या वाचकाला काठीची होळी पाहण्याची इच्छा असेल त्याने पहाटेच्या ज्वाळेसाठी शेवटच्या रात्री गर्दीत पोहोचण्याऐवजी आठवडाभर आधी धडगावचा भोंगऱ्या गाठावा, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि पालनीत असलेल्या माणसाच्या टोपाला हात लावू नये.